चौथ्या लेनचं पाणी

जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या पन्नास मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीला सातच जलतरणपटू उभे होते. चौथ्या लेनमध्ये दरवेळेसारखं नुसतं पाणीच पोहणार होतं. एकतीस वर्षांपूर्वी विक्रम करताना उन्मेष तांडेलने उठवलेली प्रत्येक लाट तलावाच्या भिंतींमधली यंत्रं जशीच्या तशी उठवत, आणि बाकीचे तिच्याशी शर्यत लावत. उन्मेषला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

त्याचे म्हातारे कोच केरकर सर पलीकडच्या भिंतीपाशी खुर्ची टाकून बसले होते. यंत्रं सांभाळणारी ऋजुता त्यांच्याजवळ आली.

"सर, यंदा उन्मेषचा हात भिंतीला लागतो तिथेच लाटा बंद करायच्यात. पुढच्या पाण्याचा शर्यतीशी संबंध नाही म्हणतात."

"दोनच सेकंद तर असतात गं पुढे," सर म्हणाले. "तेवढे राहू दे ना."

ती यंत्राकडे निघून गेली.

बझर वाजला. सात अंगांच्या मधून एक रिकामी लाट सुसाट निघाली आणि सगळ्यांच्या आधी भिंतीवर आदळली. सर वाट बघत राहिले.

चौथ्या लेनमधून ओंजळभर पाणी उडालं आणि थेट त्यांच्या चष्म्यावर आलं. शर्यत संपली की उन्मेष त्यांना असाच भिजवायचा, दरवेळी. ऋजुता यंत्रापाशी उभी राहून मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

"गाढवा," सर नेहमीसारखेच ओरडले, "मोठा कधी होणार तू?"