चौदा नंबरचे तीन स्क्रू

आईने फोनच्या पाठीवर ड्रायर धरला होता आणि मुलगी मागच्या काचेच्या कडेत प्लास्टिकचं जुनं कार्ड हळूहळू सारत होती. रविवारची सकाळ. उजेडासाठी स्वयंपाकघरातलं टेबल खिडकीशी ओढलेलं. फोन मुलीचाच होता, कंपनीचं सगळ्यात वरचं मॉडेल, वर्षभर पैसे साठवून घेतलेलं. तिसऱ्याच आठवड्यात त्याची स्क्रीन मधूनमधून काळी पडू लागली होती.

"अख्खी दुनिया असा फोन दुकानात परत देते," बाबा दारातून म्हणाले. "आमच्या घरी त्याचं पोस्टमॉर्टेम."

"अहो, एक तर ड्रायरची वायर धरा, नाहीतर बाहेर बसा."

बाबा बाहेर जाऊन बसले.

फोन आईच्याच कारखान्यात जोडलेला होता. जोडणीच्या लाइनवर ती सहा वर्षं चौदा नंबरच्या जागेवर बसत होती. काम एकच. स्क्रीनकडून आलेल्या चपट्या वायरच्या पट्टीचं टोक खाचेत दाबायचं, वर पत्र्याचं झाकण, तीन स्क्रू. या मॉडेलमध्ये ते टोक निसटतं अशा तक्रारी वाढल्या होत्या आणि दर तक्रारीपुढे चौदा नंबर लिहिला जात होता. उद्या इंजिनिअर साहेबांनी तिला ऑफिसात बोलावलं होतं. तिथून तिची रवानगी पॅकिंगला होणार, हे लाइनवर सगळ्यांना ठाऊक होतं.

काच सुटली. मुलीने कागदावर फोनचा आकार काढून त्यावर चिकटपट्टी उलटी लावून ठेवली होती. निघेल तो स्क्रू कागदावर त्याच जागी चिकटवायचा. आधी बॅटरीची जोडणी काढली. आई वाकून बघत राहिली.

"एवढं सगळं असतं होय यात?"

"आई, सहा वर्षं तू हेच करतेस!"

"माझ्यासमोर येतो तेव्हा स्पीकरचा डबा वर बसलेला असतो, बाई. मला नुसतं टोक दिसतं. नखाएवढं." तिने मुलीच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला. "सरक. हे तीन माझे."

तिने ते काढले. झाकण चिमट्याने उचललं आणि टक असा आवाज झाला. पट्टीचं टोक आपोआप खाचेतून उडालं होतं.

"तू हात लावलास?" मुलीने विचारलं.

"नाही गं."

आईने टोक पुन्हा दाबलं. बसलं. चार आकडे मोजेपर्यंत बसून राहिलं. टक.

"जरा कमी दाबतेस," मुलगी म्हणाली.

आईने तिच्याकडे पाहिलं. "साहेबही हेच म्हणतात. आता तू दाब."

मुलीने अंगठ्याचं नख पांढरं होईस्तोवर दाबलं. टक.

मुलीने मग स्पीकरचा डबा उचलला. खाली पट्टी वळून गेली होती आणि एका काळ्या टेपने चिकटवलेली होती. टेप कुठवर लावायची ते दाखवायला फ्रेमवर बारीक पांढरी रेघ छापलेली होती. टेप रेघ ओलांडून पलीकडे गेली होती. मुलीने पट्टी धरून मोजलं.

"दीड मिलिमीटर."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्यापर्यंत येताना ती दीड मिलिमीटर कमीच पडते. ताणलेली असते. तू कितीही दाब, ती मागे ओढणार. वर झाकण आहे तोवर कशीबशी तग धरते, फोन हलला की सुटते."

आईने टेपच्या कडेवरून नख फिरवलं. मग म्हणाली, "ही टेप नऊ नंबरला लागते."

तिने चिमट्याने टेपचं टोक उचललं, न फाडता सगळी सोडवली आणि रेघेवर आणून बसवली. टोक दाबलं. दोघी थांबल्या. मुलगी मनात मोजत होती. साठ झाले तरी आवाज नाही. बॅटरी जोडली, फोन सुरू केला. मुलीने तो तिरका केला, हलवला, टेबलावर आपटल्यासारखा ठेवला. स्क्रीन लख्ख.

"वाचला का पेशंट?" बाहेरून बाबा.

"ठणठणीत!" मुलगी ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण आई, एका फोनवरून काही सिद्ध होत नाही हं. निदान पन्नास तरी उघडून बघायला हवेत."

"आहेत की. साहेबांच्या कपाटात माझे रिजेक्ट पडलेत, ढीगभर. एकही उघडलेला नाही. कशाला उघडतील? चौदा नंबर सापडलाय ना त्यांना."

तिने फोन बंद केला. बॅटरीची जोडणी पुन्हा काढली. टेप चिमट्यात धरली आणि उचलून परत पांढऱ्या रेघेच्या पलीकडे नेली. जुन्या गोंदाचा डाग होता, बरोबर त्याच्यावर ठेवून बोटाने दाबली.

"आई! काय करतेस? बरा झाला होता तो!"

"उद्या आजारी हवाय. संध्याकाळी तुला बरा करून देते."

स्पीकरचा डबा, पट्टीचं टोक, झाकण, बॅटरी. मग तिचे तीन स्क्रू. ते फिरवताना ती हाताकडे बघतसुद्धा नव्हती, खिडकीबाहेर बघत होती.

"साहेबांना काय सांगणार तू?"

"मी कशाला सांगू?" आईने स्क्रू ड्रायव्हर पुसून रुमालात गुंडाळला. "मागची काच न चिकटवता हा त्यांच्या हातात देणार. तीन स्क्रू तुम्हीच काढा म्हणणार. आणि मग म्हणणार, ऐका."