हाताची सवय

"काका, डोळे मिटा. उजव्या हाताने चहाचा कप उचलताय अशी कल्पना करा. नुसत्या कल्पनेनेही मेंदू हात हलवायला शिकतो," फिजिओथेरपीवाली मुलगी माझ्या नवऱ्याला सांगत होती. पक्षाघाताला तीन महिने झाले होते.

हात ढिम्म हलला नाही. कंगवा झाला, किल्ली झाली, पेन झालं.

"काकू, या हाताच्या रोजच्या सवयीचं काहीतरी सांगा ना. मेंदू ते लवकर विसरत नाही."

काय सांगणार, कपाळ? छत्तीस वर्षं पाण्याचा पेलासुद्धा मीच हातात दिलाय.

उशी सारखी करायला वाकले, तर माझं कोपर लागून औषधाची बाटली ह्यांच्या अंगावर सांडली. ह्यांनी डोळे वटारले. उजवा हात थरथरत गादीवरून उठला, पंजा उघडून माझ्या गालाकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत गळून पडला. माझी मान मात्र त्याआधीच बाजूला वळली होती.

मुलीने टाळ्या वाजवल्या. "काकू, बघितलंत? मेंदूला आठवलं! आता रोज हेच करून घेऊ."

"मलाही आठवलं," तिची बॅग तिच्या हातात देत मी म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."