आहे की होता

"आहे"चं पुन्हा "होता" झालं होतं.

येरित्साने हातातली कवळी टेबलावर ठेवली आणि ती पडद्याकडे बघत राहिली. काल तिने ते नीट केलं होतं. परवाही केलं होतं. कुणालाही बदल करता येणाऱ्या ऑनलाइन ज्ञानकोशातलं ते पान जेमतेम दोन परिच्छेदांचं. पहिलंच वाक्य असं: व्हिंको रोगार हा साविन्या खोऱ्यातला अकॉर्डियनवादक आहे. आणि कोणीतरी बिननावाचा माणूस रोज सकाळी येऊन त्या "आहे"चं "होता" करून जात होता. मृत्यूची तारीख नाही, बातमी नाही, काही नाही.

तिने पुन्हा "आहे" केलं. शेजारी कारण लिहिलं, "आधार द्या."

थोड्या वेळाने उत्तर आलं. "मला माहीत आहे."

"कसं?"

"जवळून बघतोय."



येरित्सा त्सेले गावात एका दंतवैद्याकडे कवळ्या बनवायची आणि उरलेल्या वेळात ज्ञानकोश साफ करायची. स्वतः लेख लिहिणं तिच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्यांच्या लेखातला चुकलेला स्वल्पविराम, आमच्या भाषेत लागणारं पण कुणीतरी विसरलेलं द्विवचन, एवढंच ती गुपचूप ठीक करून जाई. अशा माणसांना तिथली मंडळी 'श्क्रात' म्हणतात. श्क्रात म्हणजे जंगलातला बुटका, कुणाच्या नजरेला न पडता लोकांची कामं उरकणारा. छापखान्यातल्या चुकाही आमच्याकडे श्क्रातच्याच नावावर खपवतात, त्यामुळे तिच्यावरून थट्टा खूप चाले. एक गोष्ट मात्र सगळे धरून चालत. श्क्रात कधी भांडत नाही.

म्हणूनच दुपारी बोश्त्यानचा फोन आला. तो ज्ञानकोशाचा प्रचालक, म्हणजे तिथली देखरेख करणारा, आणि तिचा जुना मित्र.

"येरित्सा, बरी आहेस ना? तुझ्या नावाने दुसरंच कोणी बसलं नाही ना तिथे?"

"का रे?"

"अगं, कुणाशी तरी बदलांची उलटवाउलटवी चाललीय तुझी! स्वल्पविरामासाठी कुणाचं डोकं फोडलं असतंस तर मी समजून घेतलं असतं. पण हे काय? आता पुन्हा केलंस तर मला तुझ्याच खात्याला कुलूप लावावं लागेल. सगळे हसतील मला."

"त्याला आधार नाहीये."

"मान्य. पण म्हातारा माणूस, गेलाही असेल बिचारा. तुझा कोण तो?"

"कोणी नाही," ती म्हणाली.

तो तिचा बाप होता.

आईला मूठमाती दिली त्या दिवशी व्हिंको रोगार ऑस्ट्रियात कुणाच्या तरी लग्नात वाजवत होता. तो पोचला तेव्हा कबर बुजवून झाली होती. अकॉर्डियन तसंच खांद्याला. "माझ्यापुरते तुम्हीही मेलात," असं ती सगळ्यांदेखत म्हणाली, आणि त्यानंतर बाप-लेक बोलले नाहीत. तिचं आडनाव नवऱ्याचं, त्यामुळे ज्ञानकोशावर कुणाला काही ठाऊक नव्हतं. आपल्या माणसांबद्दल लिहू नये असा तिथला नियम. पण स्वल्पविराम म्हणजे काही लिहिणं नव्हे, अशी ती स्वतःची समजूत घाली आणि त्या पानावरून रोज एकदा हात फिरवून येई.

आता तिला काहीच सुधरेना. ते गेले असतील तर तारीख का नाही? गेले नसतील तर हा जवळून बघणारा कोण? तिने वर्तमानपत्रांतल्या निधनाच्या जाहिराती पाहिल्या. नाव नव्हतं. जीव भांड्यात पडला. आणि लगेच लक्षात आलं, जाहिरात देणार कोण? एक तीच तर होती.

डोकं दुखतंय असं दंतवैद्याला सांगून तिने खोऱ्यात जाणारी बस पकडली.

बापाच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं; तिने ते ढकललं. आत व्हिंको रोगार स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला होता. साल निघत नव्हती, बटाटाच निसटत होता. येरित्सा चौकटीतच थबकली. एवढ्या वाटेवर मनात जे जे जुळवलं होतं त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं.

त्याने मान वर केली.

"आत ये. दार लाव, ऊब जातेय."

"तुम्ही जिवंत आहात?"

"का? काय ऐकलंस?"

"ज्ञानकोशात... कोणीतरी 'होता' लिहितंय."

"मीच लिहितो ते. शेजाऱ्यांच्या पोरीने टॅब्लेट दिलाय, त्यावर."

ती बाकावर बसली. "स्वतःबद्दल? असं कोणी लिहितं का बाबा!"

"मग खोटं आहे?" त्याने दोन्ही हात तिच्यापुढे धरले. बोटं वाळक्या मुळांसारखी आत वळली होती. "वादक आहे म्हणे. हा हात बटाटा धरत नाही, तो काय वाजवणार? होतो. वादक होतो. खरं ते लिहिलं."

तिने त्याच्या हातातली सुरी घेतली आणि बटाटा सोलायला लागली.

"पण एक महाशय आहेत तिथे," तो म्हणाला. "कोण, कुठला, देव जाणे. मी 'होता' केलं की येतोच. आधार द्या म्हणतो! मलाच माझा आधार मागतो! पहिल्या दिवशी असा राग आला. मग मी रोज सकाळी मुद्दाम करायला लागलो."

"मुद्दाम? कशाला?"

म्हातारा स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"दुपारपर्यंत कुणीतरी येऊन सांगायचं, नाही, आहे."