मनगटाविना चाललेलं घड्याळ

"एलीझ, दोन्ही घड्याळं टेबलावर ठेव, हात लावू नकोस. मनगट हललं की आतली चकती फिरते, तेव्हाच घड्याळाला किल्ली मिळते. बघू, आधी कुणाचं थांबतंय!" दर रविवारी चर्चहून आल्यावर तिचा नवरा सिल्व्हां म्हणायचा.

तो गेला तेव्हा जमीन गोठलेली होती; मागच्या दाराबाहेर त्याला बर्फाखाली ठेवून महिना झाला. एलीझचं घड्याळ केव्हाच थांबलं होतं. त्याचं मात्र टेबलावर चालूच होतं. कुणी हात हलवत चालावं तशी आतली चकती सरसरत होती.

"मेल्यावरही जिंकायचंय मेल्याला!" शेजारची ओडेट म्हणाली, आणि ती सरसर ऐकता ऐकता तिनं छातीवर क्रूस काढला.

ती सरसर रोज थकत चालली होती. मधेच थबकायची, मागे वळून कुणाची वाट बघावी तशी.

"तुला एकट्याला चालू देणार नाही," असं एलीझनं त्याला शेवटच्या घटकेला सांगितलं होतं. सकाळची प्रार्थना संपवून तिनं आपलं थांबलेलं घड्याळ मनगटावर बांधलं आणि बर्फाकडचं दार हलकेच उघडलं.