लाल चिंधी

फळ्यांवर चाकं खडखडली तशी कमळानं गाडीच्या कडा घट्ट धरल्या. नऊ वर्षांची पोर. तापात पाय गेले त्याला तीन वर्षं झाली होती.

गाडी तिच्या बापानं, लटारू सुतारानं केली होती. वाटही त्याचीच. आरमोरीपलीकडच्या रानात ऊनपाण्याचं कुंड होतं, भोवती खदखदता चिखल. धडधाकट माणसं दगडांवरून जात. पांगळ्यांनी त्या पाण्याचा गुण नुसता ऐकायचा. लटारूनं खांब ठोकले, फळ्या टाकल्या, कठडा बसवला. लोकांनी लगेच कठड्याला नवसाच्या पांढऱ्या चिंध्या बांधल्या. गुण आला की ज्याच्यासाठी बांधली त्यानंच ती सोडायची, असा नेम. लटारूला हसू यायचं. त्याचा देव म्हणजे रंधा.

काल एक फळी वाफेनं कुजलेली निघाली. नवी सोमवारी यायची होती, आणि कमळाच्या सलग एकवीस आंघोळींत खाडा चालणार नव्हता. त्यानं तिथं कठड्याला लाल चिंधी बांधली. बायकोला, मनकर्णाला, बजावलं, लाल दिसली की लांब ढांग टाकायची. थंडीत वाफ इतकी दाट की पायाखालची फळी दिसत नसे.

"बाबा, हे लाल चिंधी कोनाची?" कमळानं विचारलं.

पोर भिईल म्हणून तो म्हणाला, "तुह्या पायासाठी बांधली, बाई."

त्यानं गाडी उचलून फळी ओलांडली. मागून मनकर्णानंही लांब ढांग टाकली.

कुंडात पाय सोडले आणि कमळाचा अंगठा हलला. लटारूला भास वाटला. पुन्हा हलला. मनकर्णा रडायलाच लागली. लटारूनंही मुकाट्यानं हात जोडले. घागर भरून, नारळ फोडून येते, तुम्ही व्हा पुढं, असं मनकर्णा म्हणाली.

परतताना लटारूचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. तरी लाल चिंधीपाशी तो थांबला. गाडी उचलली, मान खाली घालून पाऊल जपून टाकलं. मग थेट काठ गाठला.

मागं वाफेतून मनकर्णाचं गाणं येत होतं. तीन वर्षांत ती गायली नव्हती. तो ऐकत उभा राहिला.

"बाबा, तू गाडी उचलली ना, तवा मीनं सोडली. माह्याच हातानं."

कमळानं मूठ उघडली. आत लाल चिंधी होती.

लटारू ओरडत मागं वळला, तेव्हा गाणं थांबलं होतं.