मिरचीचे हात

"मी घातलेला एडिटर कुणाला विचारून काढलास?" म्हणत माझ्या लेकाने सुनेचा लॅपटॉप फरशीवर आपटला.

एडिटर म्हणजे वेबसाइट लिहायची पाटी, एवढं सुनेने, हर्षलाने, मला समजावलं होतं. नवऱ्याने दिलेली पाटी जड आणि हिचा लॅपटॉप जुना, सारखा अडायचा. म्हणून तिने फुकटातली एक हलकी पाटी शोधली आणि तिच्यावर पहिलंवहिलं काम केलं. ते आज संध्याकाळी द्यायचं होतं.

"फुकटातला आहे, पण चालतो चांगला," ती एवढंच म्हणाली. त्याने तिचे केस धरून कपाळ दाराच्या चौकटीवर आदळलं. रक्त भुवईवरून ओघळलं.

मी ओसरीवर मिरची कांडत होते. उठले आणि माखलेले दोन्ही पंजे त्याच्या डोळ्यांवर चोळले. कंपनीतला साहेब, पण गुरासारखा ओरडत जमिनीवर लोळला.

"आई, पाणी."

"देते की. आधी तुझ्या लॅपटॉपचा पासवर्ड सांग."

"वेड लागलंय का तुला?"

मी तांब्यातलं थोडं पाणी अंगणात ओतलं. तो आवाज ऐकला आणि त्याने पासवर्ड सांगितला.

हर्षलाने कपाळाला ओढणी दाबत त्याचा लॅपटॉप उघडला. "आत्या, माझं काम इंटरनेटवर शाबूत आहे. एडिटर मात्र यांचाच राहू दे का?"

"तुझा घाल," मी म्हणाले. "तो नीट चालू झाला की हाक मार. मग याला पाणी देते."