माडीवरची खिडकी

"माडीवर विणकर?" शहापूर पेठेतल्या सगळ्यात उंच, रंगीत काचांच्या माडीचे मालक जिनदत्तआप्पा हसले. "रुक्माबाई, मागाला जमिनीत खड्डा लागतोय. इथं कुठं खणणार?"

"खणायचाच न्हाय, आप्पा. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण झालेय." तिनं कडेवरच्या तान्हीला सावरलं. "भाड्याचा कागद माझ्या नावावर करा."

आप्पांनी किल्ली पुढं केली.

सुनेच्या शाळेच्या खर्चासाठी वर्षानुवर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसलेली सासू एकेक पायरी चढत वर आली. नातीला मांडीवर घेऊन खिडकीत टेकली आणि खालचा रस्ता बघून लहान पोरीसारखी हरखली.

"अगं रुक्मा, हितनं माणसं डोक्यापासनं दिसत्यात की! खड्ड्यातनं मला आजवर त्यांचे नुसते पायच दिसलेत."